‘लावल्द’च्या खाली एक ओळ

एक्सेल मला चांगलं येतं. हे मी लाजतबुजत सांगणार नाही. यवतमाळात माझा संगणकाचा क्लास बरीच वर्षं चालू आहे आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज पतसंस्थांत, दवाखान्यांत, बाजार समितीत बसून माझ्याच पद्धतीनं तक्ते भरतात. नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट शिकवते. मधलं काही राहून गेलं तर ते तळाशी नेऊन चिकटवायचं नाही, जिथं राहिलं तिथंच ओळ घालायची. ओळीच्या क्रमांकावर माऊसची उजवी कळ दाबायची, ‘इन्सर्ट’ निवडायचं, झालं. मुली सुरुवातीला घाबरतात. भरलेलं सगळं विस्कटेल असं त्यांना वाटतं. मग खालच्या ओळी शिस्तीत एकेक घर खाली सरकताना दिसतात, आणि त्या हसतात.

एका साली सोयाबीन निघाल्यावर मोठेबाबा सकाळच्या एसटीनं आमच्याकडे आले. मोठेबाबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. माझे सासू-सासरे आता नाहीत, त्यामुळे वडीलधारं म्हणावं असं आम्हाला हे एकच माणूस. नेरच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथं ते राहतात, कपाशी आणि तूर करतात. भावकीतलं एकही लग्न त्यांच्या शब्दाशिवाय ठरत नाही. प्रेमळ आहेत, पण ठरवलेलं बदलायची त्यांना सवय नाही.

त्यांच्या काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक सुरळी होती. माझ्या क्लासच्या टेबलावर त्यांनी ती उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार माऊस ठेवले. मोठाले कागद एकाखाली एक चिकटवलेले होते. वरची अक्षरं त्यांच्या वडिलांच्या हातची, खालची त्यांची स्वतःची.

“आपली वंशावळ हाय,” ते म्हणाले. “सूनबाई, थे तुह्या मशीनवर उतरून दे. संक्रांत झाली का साऱ्या कुळाले गावात बलावतो. रोडग्याचा कार्यक्रम करू, अन् हे मोठ्या अक्षरात भितीले लावू. नव्या पोट्ट्याइले आपला पणजा ठाऊक नाही.”

“देते ना,” मी म्हणाले. मला ते काम आवडलंही. हिशेबाचे तक्ते भरून कंटाळा आला होता.

दुपारी एक बॅच गेली की दुसरी येईपर्यंत मला रिकामा वेळ असतो. तेव्हा मी टाइप करायला बसायचे. रकाने मी असे केले होते: क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, पत्नीचं नाव, गाव आणि शेवटी शेरा. सुनांची नावं अलीकडच्या पिढ्यांत होती, म्हणजे मी होते. नवऱ्याच्या ओळीत, चौथ्या रकान्यात. जुन्या पिढ्यांत तो रकाना कोराच होता. शेऱ्यात मोठेबाबांनी बरंच काही लिहिलं होतं. कोणी मुलाला दत्तक दिलं, कोणी गाव सोडलं, कोणी पैलवान होता.

आणि एका माणसापुढे लिहिलं होतं, ‘लावल्द’.

हा शब्द आमच्याकडच्या जुन्या कागदांत सापडतो. ज्याच्या मागे मूल नाही असा माणूस. मी तो टाइप केला, पुढच्या ओळीवर गेले आणि थांबले. वडिलांचं नाव, गाव, सगळं मी पुन्हा वाचलं. हा माणूस मोठेबाबांचा चुलता होता आणि त्याला मूल होतं. मला ते पक्कं माहीत होतं, कारण त्याची मुलगी नेरला दिलेली आहे आणि आदल्याच आठवड्यात ती आमच्याकडे जेवून गेली होती. डोळे तपासायला यवतमाळला आली होती. येताना बरबटीच्या शेंगांची पिशवी आणली होती, आणि जाताना माझ्या वरणात हिंग कमी पडला हेही सांगून गेली होती. ही बाई जन्मलीच नाही असं तो कागद म्हणत होता.

मग मी वर पाहिलं, खाली पाहिलं. संपूर्ण सुरळीत एकही मुलगी नव्हती. इतक्या पिढ्या, इतक्या घरांत, आणि सगळे मुलगेच.

मी ‘लावल्द’ पुसलं. त्या कागदावरचं मी पुसलं ते एवढंच. मग खालच्या ओळीच्या क्रमांकावर उजवी कळ दाबली आणि एक ओळ घातली. त्यात कोणताही मोठा विचार नव्हता. मधलं राहिलं होतं आणि राहिलेलं कुठे घालायचं ते मला माहीत होतं.

पण नावाशी अडले. आम्ही त्यांना नेरच्या आत्याबाई म्हणतो. माहेरचं नाव लग्नात बदललेलं. मी फोन लावला.

“आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?”

“काहून वं? सातबाऱ्यावर सही पाह्यजे का कोनाले?”

“नाही हो. वंशावळीत लिहिते आहे.”

“कोनाच्या?”

“आपल्याच. तुमच्या वडिलांच्या खाली.”

मागे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी कोणाला तरी गॅस बंद कर म्हणून सांगितलं, दार लोटल्याचा आवाज आला. मग त्यांनी नाव सांगितलं, हळूच, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तक्त्यात आहे.

“वाचून दाखव बरं,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. नाव, वडिलांचं नाव, गाव.

“आपल्यात पोरी लिवत नसते,” त्या म्हणाल्या.

“आता लिहितात.”

“कोन म्हन्ते?”

“मी म्हणते.”

त्या मनापासून हसल्या. “मंग माह्या आत्या होत्या दोन. त्यायचंही लिवतं का?”

तिथून ते काम माझ्या हातात राहिलं नाही. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला, त्यांनी आणखी कोणाला तरी सांगितलं होतं, त्या कोणीतरी तिसरीला. दारव्ह्याहून, बाभूळगावाहून, थेट अमरावतीहून बायकांचे फोन येऊ लागले. कोणी म्हणे माझ्या आजीचं टाक, कोणी म्हणे मोठीचं राहिलं. दोन बहिणींचं आपल्यात थोरली कोण यावर भांडण झालं, दोघी मला वेगवेगळ्या फोन करून दुसरीची ओळ खाली घ्यायला सांगत. शेवटी मी दोघींना एकाच फोनवर घेतलं आणि तुमचं ठरलं की कळवा म्हणून सांगितलं. त्यांचं ठरलं, पण त्याआधी एक तास भांडण झालं, आणि त्यांच्याच बोलण्यावरून कळलं की दोघी एकमेकींशी इतकं सलग कितीतरी दिवसांत बोलल्या नव्हत्या.

काही नावं मिळालीच नाहीत. एका पणजोबाला मुली होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक लाडखेडकडे दिली होती हेही ठाऊक होतं, पण नाव कोणालाच सांगता येईना. त्यांच्या ओळी मी घातल्या आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, ‘नाव माहीत नाही’. ओळ गाळायची नाही हे मी ठरवलं होतं. ती जागा मोकळी दिसली तर एखाद्याला आठवेल.

नवरा एका संध्याकाळी माझ्या मागे उभा राहून बघत होता.

“मोठेबाबांना विचारलंस का?”

“त्यांनी उतरून दे म्हटलं.”

“हे उतरवणं नाही, वाढवणं आहे.”

“हो,” मी म्हणाले. “वाढवणंच आहे.”

तो हसला, पण त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. तो मोठेबाबांच्या मांडीवर वाढला होता. मी त्याला म्हटलं, छापायच्या आधी मी त्यांना सगळं दाखवणार आहे, चोरून काही करायचं नाही. त्या दिवसापासून स्वतःच्या चुलत बहिणींचे पत्ते तोच मला आणून देऊ लागला.

एके दुपारी नेरच्या आत्याबाई फोनवर म्हणाल्या, “आन् लहानीचं टाकलं का?”

“कोण लहानी?”

“अवं, तुह्या मोठेबाबाची लहानी बहीण. तुह्या सासऱ्याची सख्खी. तुले कोनी सांगतलंच नाही का?”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोन मुलं मोठी झाली, पण आपल्या सासऱ्यांना एक धाकटी बहीण आहे हे मला त्या दुपारी कळलं. ती डीएडला होती. गावाहून रोज एसटीनं यवतमाळला यायची. त्या गाडीवरचा कंडक्टर बंजारा तांड्यातला होता, पुसदकडचा. वर्षभर तिकिटापुरतं बोलणं झालं, मग तिकिटापलीकडचं, आणि एक दिवस दोघांनी कोर्टात लग्न केलं. मोठेबाबांनी ओसरीवर उभं राहून सांगितलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. निघालं नाही. माझ्या सासऱ्यांनीही कधी काढलं नाही.

“आता कुठे असतात?”

“उमरखेडले. शायेत मास्तरीन होती, आता रिटायर झाली. फोन होते आमचा. तुह्या मोठेबाबाले सांगजो नको.”

उमरखेड माझं माहेर. ज्या गावात मी लहानाची मोठी झाले, जिथं मी दर दिवाळीला जाते, तिथं माझ्या सासरची एक बाई राहत होती.

मी पुढच्याच शनिवारी गाडीत बसले. दिग्रस, पुसद करत पोचायला दुपार झाली. आईकडे पिशवी ठेवली आणि विचारत विचारत त्या घरी गेले. बसस्टँडच्या मागच्या वस्तीत, बैठं, चुन्यानं रंगवलेलं घर. दार एका उंच, सडपातळ म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. मी कोणाची सून ते सांगितलं. त्यांनी मला नीट पाहिलं, मग आत वळून म्हणाले, “ऐकलं का? तुझ्या माहेराहून आलेत.”

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग उमरखेडच्या या आत्याबाई बाहेर आल्या. नाक आणि कपाळ हुबेहूब मोठेबाबांचं. पदराला हात पुसत त्या माझ्यासमोर बसल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते हे:

“कोण गेलं?”

“कोणी नाही, आत्याबाई. सगळे बरे आहेत. मी वेगळ्याच कामाला आले.”

मी वंशावळीचं सांगितलं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, आत जाऊन चहा ठेवत होते, पण त्यांचे कान इकडेच होते. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, जसं वर्गातल्या मुलाचं उत्तर ऐकून घ्यावं.

“आमची काही चोरी नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी हरवलेही नव्हते. घर बदललं नाही, दारावर पाटी आहे. शोधायचं असतं तर एका तिकिटाचं काम होतं. तुझा सासरा एकदा आला होता.”

“आमचे मामाजी?”

“स्टँडवर. यांच्याच गाडीत बसला होता, तिकीट काढताना यांना ओळखलं. उतरताना यांच्या हातात तुरीच्या शेंगांची थैली दिली आणि म्हणाला, घरी द्या. घरी आला नाही, पण थैली दिली.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून मुलीचा आवाज आला, “याडी!” म्हणजे आई, आणि आत्याबाई काकांच्या बोलीत भरभर बोलू लागल्या. वऱ्हाडात इतकी वर्षं राहूनही मला त्यातलं निम्मं समजलं नाही. फोन ठेवून त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या तेव्हा जणू काही दुसऱ्या घरातून परत आल्या होत्या.

“माझं नाव लिहायचं असेल तर यांचं नाव पूर्ण लिहायचं,” त्या म्हणाल्या. “तांड्याचं नावही लिहायचं. यांच्यावाचून मी तुमच्या कागदावर येणार नाही.”

काका कपबशा घेऊन आले. “माझं कशाला? सीट नसली तर आपण उभ्यानं जाऊ.”

“तुम्ही गप बसा,” आत्याबाई म्हणाल्या.

मी लगेच हो म्हटलं. एकट्या त्यांच्यासाठी वेगळा नियम करायचा नव्हता, म्हणून मनातच ठरवलं की सगळ्याच मुलींच्या ओळीत यजमानांचा रकाना जोडायचा.

“दादाला माहीत आहे का?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही.”

“मग आधी त्याला दाखव. त्याच्या मागे लिहिलेलं मला नको. चोरून मी माझं लग्न केलं नाही, नाव कशाला चोरून लावू?”

मी माहेरी परतले. आईनं विचारलं कुठे गेली होतीस, आणि मी सांगितल्यावर ती म्हणाली, “अगं, त्या बाई! तुझ्या भावाला चौथीत शिकवायला होत्या.” मी रात्रभर आईला टोमणे मारले असते, पण तिला तरी कसं कळावं.

कापूस विकायला मोठेबाबा यवतमाळला आले तेव्हा मी त्यांना क्लासवर बोलावलं. मुलींना सुट्टी दिली. त्यांना पडद्यासमोर खुर्ची दिली, अक्षरं मोठी केली. त्यांनी चष्मा पुसला, स्वतःचं नाव शोधलं आणि त्यांची भुवई वर गेली.

“सुरळीत मी पयल्या कागदावर होतो. हे दुसरं पान हाय ना?”

“हो.”

“मंग मी दुसऱ्या पानावर कायले गेलो?”

“तुमच्या वर ओळी वाढल्या, मोठेबाबा.”

“कोनाच्या?”

मी वर सरकवत नेलं. ते वाचू लागले. पहिल्या मुलीच्या नावाशी थांबले, दुसऱ्या नावाशी थांबले, मग माझ्याकडे वळले.

“पोरी?”

“पोरी.”

“आपल्यात लिवत नसते, सूनबाई. पोरगी दुसऱ्या कुळाची होते. तिथी लिवतीन तिले.”

“तिथं सून म्हणून लिहितात. जन्म कुठे झाला ते कुठेच लिहीत नाहीत. तुमची कोणाचीही ओळ मी काढली नाही. फक्त खाली सरकल्या. बघा, तुम्ही आहात, तुमची मुलं आहेत, सगळं जागेवर आहे.”

“जाग्यावर कसं? मी दुसऱ्या पानावर गेलो ना!”

मला हसू आवरेना. त्यांनाही थोडं आलं असावं, कारण ते मिशी पुसत पुन्हा पडद्याकडे वळले. वाचता वाचता ते आत ओढले गेले. “हे हिची मोठी नाही, हे लहानी.” “हे लोक नेरचे नाही, लोणीचे.” “इथी अजून एक होती, लय गोरी, थे कुठी गेली?” मी दुरुस्त करत गेले, ओळी घालत गेले. एका नावाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “हिनं मले पोहायले शिकवलं.” कोणत्या विहिरीत ते मी विचारलं नाही.

मग त्यांचं स्वतःचं घर आलं. ते, माझे सासरे, आणि तिसरी ओळ.

ते वाचत राहिले. तिथं तांड्याचं नाव होतं, काकांचं नाव होतं, उमरखेड होतं.

“हे कोनं सांगतलं तुले?”

“मी जाऊन आले.”

“काढ थे.”

मी माऊस त्यांच्यापुढे सरकवला.

“ओळ मी घातली, मोठेबाबा. घालणं माझं काम होतं. काढायची असेल तर तुमच्या हातानं काढा. कसं काढायचं ते मी दाखवते.”

आणि मी खरंच दाखवलं. उजवी कळ कुठे, ‘डिलीट’ कुठे, सगळं. त्यात लबाडी केली नाही. त्यांनी माऊसवर हात ठेवला. आयुष्यभर वखर धरलेला हात, माऊस त्याखाली दिसेनासा झाला. बाण पडद्यावर इकडे गेला, तिकडे गेला, एकदा त्या ओळीवरूनही गेला. त्यांनी कळ दाबली नाही. हात उचलला, चष्मा खिशात ठेवला आणि उठले.

“करजो तुले करायचं थे,” ते म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

ते दिवस मला जड गेले. नवऱ्यानं गावी फोन केला तर मोठेबाबा शेतात आहेत असंच उत्तर मिळे. मी मात्र तक्ता तसाच ठेवला. मी काही चुकीचं केलं नाही, याची मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. फक्त त्या माणसाला दुखवायचं नव्हतं.

मग एका सकाळी, बॅच चालू असताना, त्यांचा फोन आला.

“सूनबाई, तिच्या पुढं शेऱ्यात काय लिवलं?”

“कोणाच्या?”

“अवं, तिच्या!”

“काही नाही लिहिलं.”

“मास्तरीन होती म्हून लिव. डीएड झालती. आपल्या कुळात पयली.” आणि फोन ठेवला.

मी लिहिलं. समोर बसलेल्या मुलींना कळेना की बाई मधेच पाठ करून का उभ्या आहेत.

संक्रांत झाली आणि कार्यक्रम ठरला. गावच्या समाजमंदिरात आम्ही छापलेले कागद एकाला एक जोडून भिंतीवर लावले. ते एका भिंतीवर मावले नाहीत, कोपरा वळून दुसऱ्या भिंतीवर गेले. बाहेर गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजत होती, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. भावकीतले पुरुष येतील हे ठरलेलंच होतं. पण त्या दिवशी एसटीनं, ऑटोनं, जावयांच्या मोटारसायकलवर मागे बसून बायका आल्या. म्हाताऱ्या बायका, ज्यांना या गावात लग्नाकार्याशिवाय कोणी बोलावलं नव्हतं. त्या चपला काढून थेट भिंतीकडे गेल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नातींना पुढे केलं. नेरच्या आत्याबाई स्वतःच्या ओळीसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की मागे गर्दी झाली. कोणीतरी सरका म्हटलं तर त्या म्हणाल्या, “मले आत्ताच तं जागा भेटली, सरकू कायले?”

कोणी पेन मागितलं, आणि मग पेनांची मागणी सुरूच झाली. राहिलेल्या नावांसाठी छापलेल्या ओळींच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात लोक लिहू लागले. ‘नाव माहीत नाही’ म्हणून ठेवलेल्या एका ओळीवर कोणीतरी काट मारून नाव लिहिलं. ते कोणी लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही.

मोठेबाबांनी सांगितलेला शेरा मी फोनवर कळवला होता; उमरखेडच्या आत्याबाई काकांबरोबर आल्या. आत न जाता बाहेर घातलेल्या मंडपाच्या कडेला, शेवटच्या सतरंजीवर बसल्या. त्यांना ओळखणारे थोडेच उरले होते, पण ज्यांनी ओळखलं त्यांच्यात कुजबुज झाली. मोठेबाबांनी पाहिलं की नाही ते कळलं नाही. ते माईक हातात घेऊन उभे होते, सगळी नावं स्वतः वाचणार म्हणून हटून बसले होते.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मुलगे, मुली, ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं. एखाद्या विनोदी आठवणीला थांबत, कोणाला हात वर करायला लावत. आपल्या घराशी आले. स्वतःचं नाव वाचलं. माझ्या सासऱ्यांचं वाचलं, नावाआधी ‘कैलासवासी’ म्हणाले. मग तिचं नाव वाचलं. मग काकांचं, संपूर्ण. मग तांड्याचं. मग शेरा. “मास्तरीन. डीएड. कुळात पयली.” आवाज चढला नाही, उतरला नाही. कागदावरून नजर उचलली नाही. लगेच पुढची ओळ वाचली, स्वतःच्या मुलाची.

काकांनी सतरंजीवरच्या धुळीत बोटानं काहीतरी गिरवलं. आत्याबाई ताठ बसून होत्या, वर्गात बसाव्यात तशा.

जेवणाच्या पंगतीत मोठेबाबा भाजीची बादली घेऊन वाढत फिरत होते. त्यांचं आता पंगतीत वाढायचं वय नव्हतं, पण त्यांनी बादली कोणाला दिली नाही. बहिणीसमोर आले. ती खाली बघून रोडगा तुपात चुरत होती. त्यांनी भाजी वाढली.

“तिखट जास्त झालं का वं?”

तिनं एक घास खाल्ला. “जास्तच झालं.”

“आचाऱ्याले सांगतलं होतं मी.” मग काकांकडे बादली फिरवून, “तुमाले चालते का तिखट?”

“चालतं की,” काका म्हणाले.

त्यांनी काकांना दोनदा वाढलं. एवढंच. मिठी नाही, रडणं नाही. जेवणं झाल्यावर मी पाहिलं तेव्हा दोघं भाऊ-बहीण भिंतीपाशी उभे होते आणि मोठेबाबा बोटानं एकेक ओळ दाखवत तिला सांगत होते, ही कोण, ही कोणाची. ती मधेच त्यांचं चुकलेलं दुरुस्त करत होती.

पेनानं भरलेले ते कागद मी घरी आणले आणि त्यातलं सगळं तक्त्यात घातलं. त्याला पुन्हा बरेच दिवस लागले. आता तो तक्ता भावकीतल्या बऱ्याच जणांच्या फोनवर आहे.

महाशिवरात्रीच्या आधी उमरखेडच्या आत्याबाईंचा फोन आला.

“तुझे मोठेबाबा इथं आलेत,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस म्हणून आले आणि आज पाचवा आहे. अंधारात उठून चहा मागतात. यांना घेऊन साऱ्या गावाची शेती बघून आले आणि इथली कपाशी आपल्यासारखी नाही म्हणून सांगतात. यांना तर ते रोज नवीन काहीतरी शिकवतात.”

मागून मोठेबाबांचा आवाज आला, “कोनाले सांगून राह्यली?”

“तुमच्या सुनेला,” आत्याबाई म्हणाल्या. “बोला.”

“आता नाही,” त्यांचा आवाज आला. “आमी तांड्यात चाललो. तिच्या सासरी हुरडा हाय.”